तीन अक्षरांची पाटी

सोमवारी सकाळी तेग्वेन चर्चची किल्ली परत करायला निघाली होती, बाकी काही नाही. ऑक्टोबर संपत आला होता, पर्यटकांच्या फेऱ्यांचा शेवटचा आठवडा होता आणि लानेव्हाच्या खोऱ्यात दुपारी चारलाच दिवे लावावे लागत होते. किल्ली म्हणजे वीतभर लोखंड. रविवारच्या फेरीसाठी ती तेग्वेनकडे यायची आणि सोमवारी चर्चच्या कारभाऱ्याकडे परत जायची. नऊ वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. त्या दिवशी मात्र फाटकाशीच वारसा कार्यालयाचा इद्वाल भेटला आणि म्हणाला, वरच्या विहिरीतला गाळ उपसून झालाय, काय काय निघालंय ते बघायला तरी चला. किल्ली पिशवीतच राहिली.

तेग्वेन ही आमच्या खोऱ्याची गाईड. वरचा पडका किल्ला, मग संत एव्हाची विहीर, मग बंद पडलेली लोकरीची गिरणी, मग चर्च आणि त्याच्या आवारातलं, थडग्यांवर सावली धरणारं यू जातीचं म्हातारं झाड, आणि सगळ्यात खाली विणकरांच्या घरांची ओळ, असा उतार उतरत ती पाहुण्यांना फिरवायची. ओळीतलं शेवटचं घर तिचं स्वतःचं. पाहुणे बसमध्ये चढले की चार पावलांत ती घरी. एका फेरीला बारापेक्षा जास्त माणसं ती घेत नसे, कारण तेराव्याला तिचं बोलणं ऐकू जात नसे.

तिला आवाज नव्हता. होती ती नुसती कुजबुज. पाहुण्यांना वाटे, पडक्या जागा दाखवणारी बाई रंग चढावा म्हणून मुद्दाम अशी बोलते, आणि ते खूश होऊन आणखी जवळ सरकत. खरी गोष्ट गावाला ठाऊक होती. आज ती चौसष्टची आहे. बाविसाव्या वर्षी हीच तेग्वेन चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, गायला उभी राहिली की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारेसुद्धा सावरून बसत. त्या वर्षी तिला कार्डिफच्या संगीत विद्यालयात जागा मिळाली होती, आणि त्याआधी ऐस्तेद्वोदमध्ये गायचं होतं. ऐस्तेद्वोद म्हणजे गाण्या-कवितांचा आमचा मोठा मेळा; तिथं जिंकलेल्याला गाव जन्मभर डोक्यावर घेतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती उठली, आईला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडातून फक्त हवा आली. ना ताप, ना खोकला. लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी घशात आरसे घालून पाहिलं आणि म्हणाले, गळा तर सोन्यासारखा आहे.

कार्डिफ राहिलं. ऐस्तेद्वोदला तिच्या जागी तिची जिवाभावाची मैत्रीण दिलिस गेली आणि तिसरी आली. तेग्वेनला पुढं गावच्या वाचनालयात नोकरी मिळाली, कारण तिथं कुजबुजच लागते, असं गाव हसून म्हणायचं. ती आईजवळ राहिली. बाप लहानपणीच गेलेला, ही एकुलती एक. पोरीचा आवाज परत यावा म्हणून आई देव पाण्यात घालून बसली होती, असं सगळे सांगत. रोज रात्री ती तेग्वेनच्या गळ्याला कापराचं तेल चोळायची आणि चोळता चोळता रडायची. आईला जाऊनही आता अकरा वर्षं झाली. वरच्या मजल्यावरची तिची खोली होती तशीच होती.

दिलिसचं घर रस्त्याच्या पलीकडे. बेचाळीस वर्षं ती दर हिवाळ्यात मध आणि रानओव्याचा काढा करून बरणी आणून द्यायची. आमच्या भाषेत दिलिस या नावाचा अर्थ अस्सल, खात्रीचा. नाव ठेवणाऱ्या आईबापांना पुढचं काय ठाऊक असतं म्हणा.

विहीर म्हणजे डोंगराच्या पोटात बांधलेला चौकोनी हौद. वर दगडी छत, आत उतरायला चार पायऱ्या, आणि आत कायम भिजलेल्या लोखंडाचा वास. तिची गोष्ट तेग्वेन रोज सांगायची. एखाद्याला पाण्यात पाहणं असं जे म्हणतात, ते या विहिरीवर लोक खरोखरच करत. ज्याचं वाईट चिंतायचं त्याच्या नावाची आद्याक्षरं तळहाताएवढ्या दगडी पाटीवर कोरायची, पाटीला बुचाचा तुकडा बांधायचा, बुचात एक पिन टोचायची, आणि विहिरीच्या राखणदारासमोर ती पाण्यात सोडायची. मग ज्याची पाटी बुडाली त्याचं काही ना काही जायचं. कुणाची झोप, कुणाची दुभती गाय, कुणाचा पोटचा गर्भ. पाटी बाहेर आली की गेलेलं परत येतं, असंही म्हणत. आमच्या खोऱ्यात अर्ध्या लोकांची नावं तीच ती, त्यामुळे एका पाटीत पाच जण बुडत असतील, या तिच्या वाक्याला पाहुणे हमखास हसायचे. शेवटचा राखणदार नेद म्हणून एक म्हातारा होता. तो तिच्या तरुणपणीच गेला.

गोणपाटावर अकरा पाट्या मांडून ठेवल्या होत्या. पंप बंद होता, तरी आत कुठंतरी पाणी थेंबाथेंबानं गळत होतं. इद्वालने कडेची एक पाटी उचलून दिली.

"ही बघा. बाकी सगळ्यांवर दोन दोन अक्षरं, हिच्यावरच तीन. ई, ओ, एस. एलिन ओवेन असेल म्हणा... पण पुढे एस? एसवरून आडनाव आपल्याकडे औषधालाही सापडत नाही. चर्चची जुनी बुकं काढायला सांगितलीत मी."

तेग्वेनने पाटी हातात घेतली. आत पाणी गळतच होतं, पण तिला ते ऐकू येईनासं झालं.

ती आद्याक्षरं नव्हती. तो शब्द होता. एऑस. एऑस म्हणजे बुलबुल. मंचावर गाणाऱ्यानं स्वतःला एक वेगळं नाव घ्यायची आमच्याकडे रीत आहे, आणि बाविसाव्या वर्षी तेग्वेनने ते घेतलं होतं. दिलिसखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. ऐस्तेद्वोदचा अर्ज दिलिसने तेग्वेनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरला होता, कारण दिलिसचं अक्षर मोत्यासारखं, आणि ओ काढताना ती त्याच्या डोक्यावर एक इवलीशी शेंडी काढायची. तो अर्ज पुढं कधी गेलाच नाही. पाटीवरच्या ओला शेंडी होती.

"पिन?" तिने विचारलं.

पिन कागदावर वेगळी ठेवली होती. लांब, गंजलेली, डोक्याला काळा मणी. चॅपलला जाताना टोपी उडू नये म्हणून बायका खोचायच्या त्यातली. एकाच दुकानातून आणलेल्या तसल्या पिना खोऱ्यातल्या प्रत्येक घरात होत्या. गाळ काढणारा माणूस म्हणाला की पिन त्यानं काढली नाही. बूच कुजलं होतं, बादलीत पाटी बुडवली तशी ती आपोआप सुटली. सुटली तेव्हा हौदातून एक आवाज आला, फार वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसानं वर येऊन श्वास घ्यावा तसा. पंपाचा असेल, असंही तोच म्हणाला.

तेग्वेनने इद्वालला काही सांगितलं नाही. पाटी अभ्यासाला म्हणून दोन दिवस मागून घेतली आणि ती घरी आली.

राग नंतर आला. आधी लाज वाटली, बेचाळीस वर्षं आपल्याला कुणी इतकं मूर्ख बनवलं याची. ओट्यावर दिलिसची बरणी होती. तिने ती उचलून दाराबाहेर ठेवली आणि आतून कडी लावली. दिलिस लेकीकडे रेक्सहॅमला गेली होती, ती गुरुवारी यायची होती. तोवर करण्यासारखं काही नव्हतं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, हे तिच्या मनात आलं आणि तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

पण हात तिथंच थबकला, कारण दुसरीही एक गोष्ट मनात आली होती. पाटी बाहेर आली होती.

हे सगळं ती मानत नव्हती, बरं का. वाचनालयात जन्म गेलेली बाई ती. तरी मंगळवारी सकाळी तिने खिडक्या लावून घेतल्या, आरशासमोर उभी राहिली आणि तोंड उघडून आ केलं. हवा आली. तिने पुन्हा केलं, मग पुन्हा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती करत राहिली.

मंगळवारी फेरीला नऊ जण होते. तेग्वेन नेहमी पुढे चालायची आणि वळणावर थांबून मागच्यांना जवळ घ्यायची. विहीर बघून सगळे गिरणीपाशी आले तेव्हा सगळ्यात मागून येणारी एक म्हातारी म्हणाली की ते गाणं लावायची कल्पना फार छान आहे. कुठलं गाणं? विहिरीतलं, म्हातारी म्हणाली. आम्ही निघालो तेव्हा आत लावलं होतं ना, मुलीच्या आवाजातलं. हल्ली अशा जागी काहीबाही वाजवतातच. तेग्वेनने संध्याकाळी इद्वालला फोन करून विचारलं. त्यानं सांगितलं की विहिरीवर अजून विजेची तारही गेलेली नाही.

बुधवारी विहिरीपाशी कुणाला काही ऐकू आलं नाही. तिथं ती मुद्दाम सगळ्यांच्या मागे थांबली होती. तिलाही पाण्याखेरीज काही ऐकू आलं नाही. मात्र गिरणी दाखवून ती पुढे झाली आणि शेवटून चालणारा एक जाडजूड माणूस पायऱ्या घाईघाईनं उतरत आला. वर मागांच्या खोलीत कुणी बाई गातेय, तिला कुलपात कोंडू नका, असं तो हसत म्हणाला. तेग्वेनने वर जाऊन पाहिलं. ती खोली पाहुण्यांना दारातूनच दाखवत; माग धूळ खात उभे होते. धुळीवर तेग्वेनची एकटीचीच पावलं होती, आणि खोलीत कापराचा वास होता.

रात्री तिने नकाशा काढला. रोज पाहुण्यांना वाटायचा तोच, किल्ला वर आणि घरांची ओळ खाली. मंगळवारी विहीर. बुधवारी गिरणी. त्या वाटेवर पुढे चर्च होतं, आणि सगळ्यात शेवटी तिचं घर. तिने नकाशा घडी घालून ठेवून दिला आणि उजाडेपर्यंत तिचा डोळा लागला नाही.

गुरुवारी ती यूच्या झाडाखाली उभी राहून त्याच्या वयाबद्दल नेहमीचं सांगत होती. झाडाच्या पलीकडे दुसऱ्या रांगेत तिच्या आईचं थडगं होतं. पाहुण्यांमध्ये अ‍ॅबरिस्टविथची एक बाई होती, शाळेत संगीत शिकवणारी. ती थोडी मागे रेंगाळली होती. मग ती पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली की आत्ता एक मुलगी गात गेली, तिला सुरांची देणगी आहे, पण कुणीतरी तिची एक चूक काढायला हवी.

"कसली चूक?" तेग्वेनने विचारलं.

बाईनं ती ओळ गुणगुणून दाखवली. जुनं भजन होतं, ऐस्तेद्वोदसाठी तेग्वेनने बसवलेलं. तिसऱ्या ओळीत शेवटच्या शब्दाआधी श्वास घ्यायचा नसतो, तिथं श्वास घेतला होता. याच श्वासावरून तेग्वेनने गाण्याच्या गुरुजींची वर्षभर बोलणी खाल्ली होती आणि ती खोड शेवटपर्यंत गेली नव्हती.

"कुठं गेली ती?"

"थडग्यांमधून... खाली. घाईत होती." बाईनं कोट घट्ट ओढून घेतला. "म्हणजे दिसली असं नाही. माझ्या बाजूनं गेली एवढं कळलं. गार वाटलं जरा."

तेग्वेनला भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. इतका झाला की घरांच्या ओळीबद्दल तिने काय सांगितलं ते तिचं तिलाच आठवेना. तिचा आवाज परत येत होता. बेचाळीस वर्षं गार पाण्यात पडून राहिला होता आणि आता एकेक टप्पा उतरत घरी, तिच्याकडे येत होता. पाहुणे बसमध्ये चढले. चार वाजले होते, नदीवरून धुकं वर यायला लागलं होतं आणि पलीकडच्या घरात दिवा लागला होता. दिलिस आली होती.

घरी जायच्या आधी तिने ते उरकायचं ठरवलं. आवाज आल्यावर भांडायला गेलं तर पहिले शब्द दिलिसवर खर्च होतील, आणि तेवढी तिची लायकी नाही, असं तिला वाटलं.

दिलिस अंगातला कोट काढत होती. टेबलावर लेकीकडून आणलेला मनुकांचा ब्रेड होता, चुलीवर किटली होती. तेग्वेनने पाटी ब्रेडशेजारी ठेवली. दिलिसने ती पाहिली आणि एक बाही अंगात, एक बाहेर, अशीच ती खुर्चीवर बसली.

"कुठं सापडली?"

"तू टाकलीस तिथं."

"मी नाही टाकली."

"अक्षर तुझं आहे, दिलिस."

"लिहिली मी." दिलिसचा आवाजही आता कुजबुजीवर आला होता. "लिहिली मीच. नाही कशाला म्हणू... पण टाकली मी नाही."

मग तिने सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. हो, मत्सर होता. तेग्वेन गायला लागली की दिलिस म्हणजे नुसती शेजारी बसून गाण्याच्या वहीची पानं उलटणारी. एकच हिवाळा तेग्वेनने गप्प बसावं एवढं मागायचं होतं. पाटी कोरून ती नेदकडे गेली. नेदनं पाटी पाहिली आणि तिला हाकलून दिलं. म्हणाला, पोरी, विहीर वैऱ्याचं ऐकत नाही. वैऱ्यांचं ऐकलं असतं तर या खोऱ्यात माणूस उरला नसता. जिचं नाव आहे तिच्या घरचं माणूस आण, आणि त्याच्या अंगावरची पिन. घरच्या माणसानं दिल्याशिवाय विहीर घेत नाही.

गाईड म्हणून ही गोष्ट नऊ वर्षं सांगूनही तेग्वेनला हे ठाऊक नव्हतं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"मग मी परत आले," दिलिस म्हणाली. "देवाशपथ सांगते तेग, सुटल्यासारखं वाटलं मला. पण मन खायला लागलं. म्हणून मी तुझ्या आईकडे गेले. माफी मागायला. स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं, रडले. तिनं चहा दिला. मग माझ्या हातातून पाटी घेतली. मला वाटलं, चुलीत टाकेल."

किटलीतलं पाणी उकळून उतू जायला लागलं होतं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तिनं चॅपलची टोपी घातली आणि म्हणाली, चल."

"खोटं बोलतेस तू."

"विहिरीवर वारा होता. तिनं टोपीतली पिन उपसली तशी टोपी उडाली आणि मी टोपीमागे धावले. उतारावर... बरीच खाली गेली होती. पकडून परत आले तोवर झालं होतं." दिलिसने तोंडावर हात घेतला. "त्याआधी तिनं नेदला एकच विचारलं. दुखणार तर नाही ना माझ्या पोरीला."

तेग्वेन उभीच होती. कुंपणच शेत खातं असं लोक म्हणतात, तीही कितीदा म्हणाली असेल, दुसऱ्यांच्या घरांबद्दल. आता तिला गळ्यावरून फिरणारा तो तेलकट, उबदार हात आठवत होता. आई रडायची. रडून झालं की तिच्या कपाळावर ओठ टेकवायची आणि म्हणायची, असू दे, तू माझ्याजवळ आहेस ना. ते रडणं खोटं नव्हतं, आणि हेच तेग्वेनला सहन होईना. ते खोटं असतं तर आईचा द्वेष करता आला असता.

दिलिसने पुढचंही सांगितलं. ज्या हातानं पिन टोचली त्याच हातानं ती उपसावी लागते, म्हणून दर वर्षी ती तेग्वेनच्या आईच्या पाया पडायची. आई म्हणायची, कशाला, ती सुखात आहे इथं. मग नेद गेला, मग आईही गेली.

"आणि तू मध आणून देत राहिलीस," तेग्वेन म्हणाली.

"दुसरं काय देऊ शकत होते मी."

"खरं. खरं सांगायचं होतंस मला. आई मेल्यावर तरी."

 दिलिसचे डोळे पाटीवर गेले आणि तिथंच खिळले.

"पिन कुणी काढली, तेग?"

"कुणी नाही. आपोआप सुटली."

"कुणीच हात लावला नाही?"

"नाही. आणि आवाज परत येतोय, दिलिस. लोकांनी ऐकलाय. विहिरीतून निघालाय, काल गिरणीत होता, आज चर्चपर्यंत आला. माझ्याकडे येतोय."

दिलिसचा चेहरा उतरला. ती उठली आणि तिने तेग्वेनची बाही धरली, अगदी घट्ट.

"आज इथंच राहा."

"सोड."

"नेद म्हणाला होता..." ती इतकं हळू बोलत होती की तेग्वेनला वाकावं लागलं. "ज्याची पिन, त्याचं ते. विहीर नुसती राखते, म्हणाला. तेग, तो तुझ्याकडे नाही यायचा."

तेग्वेनने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि ती बाहेर पडली.

रस्ता ओलांडायला कितीसा वेळ लागतो. धुकं आता कमरेपर्यंत आलं होतं आणि ओळीतल्या घरांचे दिवे त्यातून पिवळे दिसत होते. तिच्या घरात दिवा नव्हता. फाटकाला हात लावला आणि तिला ऐकू आलं.

बेचाळीस वर्षांत तिने स्वतःचा तो आवाज ऐकला नव्हता. कुठलीही ध्वनिफीत नव्हती, आवाज जाईल असं कुणाला वाटलं होतं. इतकी वर्षं ती तो मनातल्या मनात आठवत राहिली होती, आणि आता कळलं की आठवणीत तो किती फिका पडला होता. भरलेला, गोल, कसलाही जोर न लावता वर चढणारा. हा माझा, तिला वाटलं, देवा, हा माझा होता. ती फाटकाशी उभी राहून रडली. कोणी किती मोठी गोष्ट आपल्याकडून काढून घेतली हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं.

गाणं वरच्या मजल्यावरून येत होतं.

तिने दार उघडलं. आत कापराच्या तेलाचा वास कोंदला होता, ताजा. जिन्याच्या पायऱ्या ती हातानं चाचपत चढली. गाणं थांबलं नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत शेवटच्या शब्दाआधी तो चुकीचा श्वास आला, आणि जिन्यात उभ्या असलेल्या तेग्वेननेही नकळत तिथंच श्वास घेतला. आत लाकडी खाट संथपणे कुरकुरत होती, पडल्या पडल्या कुणी ताल धरावा तशी.

आईच्या खोलीचं दार बंद होतं. तिने मुठीवर हात ठेवला. मूठ कोमट होती. गाणं थांबलं.

"माझा आहे तो," ती म्हणाली. "आई... परत दे. माझा आहे."

 तिने पोटापासून जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ फाकले, आणि बाहेर आली ती तीच हवा. मग तिने दोन्ही तळहात दारावर आपटले. पुन्हा आपटले. आत पांघरूण सळसळलं, कुणीतरी कुशीवर वळलं.

आणि मग दाराच्या अगदी पलीकडून, लाकडाला ओठ लावून बोलावं इतक्या जवळून, तिचा स्वतःचा बाविशीतला आवाज आला. स्वच्छ होता. तिच्यावर थोडा वैतागलेलाही होता.

"हळू बोल गं. आई झोपलीय."